कुसुम सिस्टरचा डबा

भाऊबीज आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तृप्ती सौंसरहून पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसली. मांडीवर लॅपटॉपची बॅग, बॅगेवर आईनं दिलेला चिवडा. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागले होते, बायका बसून लहान-मोठी फळं वेगळी करत होत्या, आणि उघड्या खिडकीतून तो आंबटगोड वास सारखा आत येत होता. अकरावी कॉमर्सची पोरगी. अकाउंट्सच्या सरांनी एकदा सगळ्या वर्गासमोर "हिला विचारा, हिला येते" असं म्हटलं, तेव्हापासून तिची चालच बदलली होती. शाळेचा जिना आता ती मधून चढायची, कठड्याला धरून नाही.

ती आत्याची खानावळ वाचवायला निघाली होती. बाबांनी स्पष्टच सांगितलं होतं. "ताईचं वय झालं. बिल कोणाले दोनदा जाते, कोणाले जातच नाही. वरून एवढ्या घरात एकटी. तुमची सुट्टी संपली की मी येऊन पाहतो. सगळं सुरळीत दिसलं तर ठीक, नाही तर खानावळ आवरायची आणि तिले सौंसरला आणायचं." हे ऐकून आत्या फोनवर एवढंच बोलली होती, "सौंसरले येऊन काय करू रे रवींद्र? तुमच्या टीव्हीपुढे बसू?" आणि तृप्ती मध्येच म्हणाली होती, बाबा, मी सॉफ्टवेअर लावून देते. बिलं आपोआप जातील. आत्याला काही लक्षात ठेवायचंच काम नाही.

बाबा हसले होते. पण "बरं" म्हणाले होते.

आत्या म्हणजे शकुबाई, बाबांची थोरली बहीण. बाजारामागच्या गल्लीत तिचं घर, आणि घराचा पुढचा लांब हॉल म्हणजे खानावळ. तृप्ती लहान असताना त्या हॉलमध्ये पंगती बसायच्या. वाढणारे धावायचे, कोणी तरी जोरात मीठ मागायचं. आता पंगत नव्हती. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून नवे साहेब, नव्या मॅडम, कारकून गावात आले होते, पण ते सगळे आपापल्या खोलीवर डबा मागवायचे. सारं गाव डब्यातून जेवून राहिलं होतं, फोनकडे पाहत. हॉलच्या कोपऱ्यात पंगतीच्या चटया गुंडाळून उभ्या होत्या. आत्या दुपारी त्याच हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून एकटी जेवायची. ताटली जमिनीवर ठेवल्याचा आवाज त्या रिकाम्या खोलीत फार मोठा वाटायचा.

पहिल्याच दिवशी तृप्तीनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी लॅपटॉप मांडला. काम मजेचं होतं. आत्याच्या फोनमधली नावं सॉफ्टवेअरनं स्वतःच ओढून घेतली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं एकेक पान तयार केलं. पूर्ण डबा की अर्धा, एक वेळ की दोन्ही, सुट्टी कोणत्या वारी. एकदा भरलं की झालं. रोज सकाळी डब्यांच्या चिठ्ठ्या छापून निघणार, आणि महिना भरला की बिल आपोआप फोनवर जाणार; मग पुढच्या महिन्यात पुन्हा, मग पुन्हा. पानाच्या तळाशी दोनच बटणं होती: 'वाढवा' आणि 'समाप्त करा'. 'वाढवा' दाबलं की ते विचारायचं, कधीपर्यंत? तारीख ठाऊक नसेल तर खाली एक ओळ होती: 'कधीच समाप्त होणार नाही'.

"बँकेतले गजेंद्र साहेब?" तृप्तीनं विचारलं.

"त्याले दोन्ही वेळ," आत्या पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "भात नाही खात. डाएट करून राहिला म्हणे. पोळ्या मात्र सात लागतात."

"प्रणाली मॅडम?"

"ते शनिवारी बैतूलले जाते, मायकडे. तिचा सोमवारपासून."

"कुसुम सिस्टर, सावरगाव?"

लाटणं थांबलं. आत्यानं अर्धवट लाटलेली पोळी उचलून तव्यावर टाकली आणि तृप्तीकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "तिचं वाढवून टाक वं."

तृप्तीनं 'वाढवा' दाबलं. "कधीपर्यंत, आत्या?"

तव्यावरची पोळी एका बाजूनं काळी पडली तरी आत्यानं ती उलटली नाही. तृप्तीनं खालची ओळ निवडली. रिटायर झालेली नर्स, सावरगावात घर. ती कुठं जाणार होती?

झालं, गाडी रुळावर आली. सकाळी प्रिंटर खरखर करून चिठ्ठ्या काढायचा. आत्या रांधायची, तृप्ती डबे भरून चिठ्ठ्या चिकटवायची, आणि भिवाजी ते मोपेडला लटकवून न्यायचा. भिवाजी दिवाळीनंतरच कामावर आला होता. जुना डबेवाला नागपूरला निघून गेला होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. चिठ्ठी आहे तर डबा आहे, चिठ्ठी नाही तर नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक. तृप्तीला अशी माणसं आवडायची, सॉफ्टवेअरसारखी.

एके दिवशी परत आलेले डबे उतरवताना तो आपणहून बोलला.

"पाह्य नं बाई. हे बँकेतल्या साहेबाचं पाह्य. खरकटं वाळून राहिलं. आणि हे सावरगावचं." त्यानं एक छोटा तीन खणांचा डबा वर धरला. "धुतलेला, पुसलेला. रोज असाच. लय साफ बाई आहे ते."

"भेटल्या का तुम्हाला?"

"नाही बाप्पा. फाटकाले कुलूप असते. खिळ्याले पिशवी अडकवतो, कालची काढून आणतो."

तृप्तीनं डबा हातात घेतला. झाकणाच्या आतल्या कडेला पाण्याचे थेंब होते. तिनं कौतुकानं स्वयंपाकघरात हाक दिली, "आत्या, तुझ्या कुसुम सिस्टर पाहा, कसा चकाचक डबा पाठवतात."

आत्या कणकेच्या हातांनीच दारात आली. "कोण?"

"कुसुम सिस्टर. सावरगावच्या."

आत्यानं डब्याकडे पाहिलं, मग भिवाजीकडे, मग पुन्हा डब्याकडे. "तिचा डबा जाऊन राहिला?"

"म्हणजे काय, रोज जातो. तूच म्हणालीस ना, वाढवून टाक."

"पोट्टे," आत्या अगदी हळू म्हणाली, "कुसुम दिवाळीच्या आधीच गेली."

भिवाजीनं मोपेडचा स्टँड लावला होता तो उगाच पुन्हा लावला.

"मग तू वाढव कशाला म्हटलं?"

"वाढव म्हणजे काय? दुकान वाढवतात, बांगडी वाढवतात. चुलीपाशी उभं राहून कोणाच्या अन्नाले 'बंद कर' म्हणू मी? वाढव म्हणजे संपव, वं. तुमच्या शाळेत शिकवत नाही काय?"

तृप्तीचे कान गरम झाले. शाळेत नव्हतं शिकवलं. आजी कुंकवाचा करंडा फुटला की "वाढला" म्हणायची, हे तिला आत्ता आठवलं, बटण दाबून झाल्यावर. तिच्या मनात पहिला विचार बाबांचा आला. मेलेल्या बाईला रोज डबा जातो, महिना भरला की बिलही जाईल. बाबांना हे कळलं तर ते अकाउंट्सचे सर काय म्हणतात ते विचारणार नाहीत. ते आत्याची ट्रंक उचलतील.

"आत्ता काढून टाकते," ती लॅपटॉपकडे वळली.

पण आत्यानं तिच्या हातातून डबा घेतला होता. झाकण उघडून तिनं तो नाकाशी नेला. "काल भरीत होतं नं?"

"हो."

"भरिताचा डबा ते पडू नाही द्यायची. लगेच धुवायची. वास धरते म्हणे." मग आत्यानं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती असती तर तृप्तीला बरं वाटलं असतं. "खाल्लं नं पण तिनं सारं?"

कुसुम सिस्टर सरकारी दवाखान्यात होती. आत्याच्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारात ती ड्यूटी नसतानाही उशाशी बसायची. तो गेला, पुढं सिस्टर रिटायर झाली, तिचा पोरगा राहुल पुण्याला नोकरीला लागला, आणि दोघींनी एक ठरवून टाकलं: एकटीनं जेवायचं नाही. दुपारची आवराआवर झाली की आत्या तिचा डबा स्वतः घेऊन पुलावरून सावरगावला जायची, आपली भाकर पदरात बांधून. दोघी समोरासमोर बसून जेवायच्या. सिस्टर गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीलाही आत्या गेली होती, पण त्या दिवशी घरात माणसं होती. त्यानंतर तिनं पुलाकडे पाऊल टाकलं नव्हतं.

"दवाखान्यात बायका यायच्या, अंगात आलं म्हणून," आत्या त्या रात्री जेवताना सांगत होती. "कुसुम म्हणायची, भूत नसते वं शकू, भूक असते. आधी पोटभर जेवू घाला, मग पाहू."

"मग आता तूच सांग," तृप्ती म्हणाली. "भूत नसते. शेजारचं कोणी तरी फुकट जेवून राहिलं."

"जेवू दे," आत्या म्हणाली. "आज नको काढू."

दुसऱ्या दिवशीही नको म्हणाली. तिसऱ्या दिवशीही. आणि तृप्तीला राग यायच्या ऐवजी गंमत वाटली, कारण आत्या बदलली होती. सकाळी भाजीवाल्याशी घासाघीस करायची. एका छोट्या कढईत वेगळी, कमी तिखटाची भाजी व्हायला लागली. "तिले ॲसिडिटी आहे," आत्या सहज म्हणायची. आहे, होती नव्हे. भिवाजी डबे घेऊन परत आला की ती दारातच उभी असायची आणि इतर सगळे डबे बाजूला सारून तो छोटा डबा आधी उचलायची. एकदा तिनं तो कानाशी हलवून पाहिला, नारळ पाहतात तसा.

मग बाबांचा फोन आला. रविवारी येतो म्हणाले.

तृप्तीनं त्या रात्री कुसुम सिस्टरचं पान उघडलं. महिनाअखेर झाली होती, बिल ठरल्याप्रमाणे आपोआप निघून गेलं होतं. त्याच्यापुढे हिरव्या अक्षरात लिहिलं होतं: 'ग्राहकाने पाहिले'. तिनं पान मिटलं. आधी आपण जाऊन पाहायचं, तिनं ठरवलं. कोण खातं ते पाहायचं, त्याला चार शब्द सुनवायचे, आणि मग काढून टाकायचं. न पाहता काढलं, तर आत्या जन्मभर त्या फाटकाशी उभी राहील.

शुक्रवारी ती भिवाजीच्या आधीच निघाली. जाम नदीत पाणी घोट्याएवढं होतं आणि त्यातून दगडच दगड वर आले होते. पुलावर ऊन होतं, पण वारा गार. सावरगावात सिस्टरचं घर शोधावं लागलं नाही. ज्याला विचारलं त्यानं बोट दाखवलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागला.

बैठं घर, फिकट निळ्या भिंती, हिरवं फाटक. फाटकाला कुलूप. समोरच्या ओट्यावर एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. शीतल, सिस्टरची शेजारीण.

"शकुबाईची भाची काय तू?" ती म्हणाली. "ये, बस. रोज तुमचा तो माणूस पिशवी लटकवून जाते. मले वाटलं राहुलनं काही सांगून ठेवलं असेल, कोण्या गरिबाले देण्यासाठी."

"मग घेतं कोण?"

"आता मी काय दिवसभर फाटकाकडे पाहत राहतो?" शीतल हसली. "चाबी माझ्यापाशीच आहे. आठवड्यातून एकदा झाडून येतो. पाहायचं आहे का?"

आत सगळं जागच्या जागी होतं. पलंगावर चादर ताणून घातलेली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली सुकलेला झेंडूचा हार. स्वयंपाकघरातला नळ तृप्तीनं फिरवला. हवेचा एक उसासा आला आणि काही नाही. "पाणी तर राहुलनंच बंद करून ठेवलं," शीतल म्हणाली. मोरी कोरडी खडखडीत होती. तिच्या कोपऱ्यात एक मरून वाळलेली पाल होती आणि पालीभोवती धूळ, आणि त्या धुळीवर कशाचीच खूण नव्हती.

"सिस्टरचा फोन कुठं असतो?"

शीतलनं कपाटाचा खण ओढून दाखवला. फोन तिथंच होता, काळा, बंद. तृप्तीनं बाजूचं बटण दाबून धरलं. चालू झाला नाही.

दोघी बाहेर आल्या. शीतलनं दाराला कुलूप घातलं, फाटकाला घातलं, आणि घरात पोर रडायला लागलं म्हणून ती लगबगीनं निघून गेली. तृप्ती एकटीच समोरच्या ओट्यावर बसली.

थोड्या वेळानं भिवाजी आला. त्यानं खिळ्यावरची कालची पिशवी काढली, आजची अडकवली, तृप्तीला पाहून मान हलवली आणि गेला. मोपेडचा आवाज पुलाकडे विरत गेला.

दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पिशवी फाटकावर लटकत होती, डब्याच्या वजनानं ताणलेली. तृप्ती तिच्याकडे पाहत होती. तिनं ठरवलं होतं, डोळे हलवायचे नाहीत.

घरातून आवाज आला. खट्ट.

डब्याची कडी उघडते तसा.

मग दुसऱ्या बाजूची. खट्ट. मग झाकण, आणि एकावर एक बसलेले खण सुटे करताना होणारी ती बारीक घासण. एक, मग दुसरा, मग तिसरा. कोणी तरी ते जमिनीवर मांडले, सावकाश, अर्धगोल.

पिशवी फाटकावरच होती. हललीही नव्हती.

त्यानंतर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. पण ते काही नसणं नव्हतं. एकटं माणूस जेवतं तेव्हा असंच असतं. कोणी बोलत नाही, कोणी आणखी घे म्हणत नाही. मध्येच एकदा कोरडा खोकला आला आणि थांबला. तृप्तीला वाटलं, पाणी द्यायला हवं कोणी तरी. आपल्याला असं का वाटलं, हे तिला कळलं नाही.

मग पाण्याचा आवाज. त्या कोरड्या मोरीत, बराच वेळ.

तृप्ती उठली. तिनं फाटकाशी जाऊन पिशवी काढली.

ती हलकी होती.

आतला डबा धुतलेला होता. झाकण ओलं होतं, आणि स्टील अजून कोमट होतं.

संध्याकाळी तिनं आत्याला सगळं सांगितलं. आत्यानं मध्ये काही विचारलं नाही. फक्त शेवटी म्हणाली, "खोकली म्हणतेस. घाई करून खाते ते. समोर कोणी असलं की हळू खाते."

"आत्या, परवा बाबा येऊन राहिले. हे पान त्यांना दिसलं तर ते तुला इथं ठेवणार नाहीत. तुझं डोकं फिरलं म्हणतील. माझंही."

बाहेर कोणी तरी संत्र्याच्या रिकाम्या पेट्या ट्रकवर फेकत होतं.

"तुला इथंच राहायचं आहे ना?"

"मले माह्या चुलीपाशी राहायचं आहे," आत्या म्हणाली. "पण एकटीनं गिळणं काय असते, तुले नाही कळायचं. तुमच्या घरात चार माणसं जेवतात." मग उठता उठता, "कर. माह्यासमोर नको."

तृप्ती हॉलमध्ये जाऊन बसली. 'समाप्त करा'. तुम्हाला खात्री आहे का? हो. कारण निवडा. यादीत तीनच कारणं होती: सेवा नको, ग्राहकाने जागा बदलली, दर परवडत नाही. 'ग्राहक वारला' असं कोणी लिहून ठेवलंच नव्हतं. तिनं मधलं निवडलं. नाव यादीतून गेलं आणि खालची नावं एकेक पायरी वर सरकली.

शनिवारी प्रिंटरनं एक चिठ्ठी कमी काढली. भिवाजीनं कारण विचारलं नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं हे दिसत होतं. तृप्तीला वाटलं होतं आत्या रडेल, निदान जेवणार तरी नाही. पण आत्यानं दुपारी कोपऱ्यातली एक चटई सोडवली, अंगणात नेऊन झटकली, ओल्या फडक्यानं पुसली आणि हॉलमध्ये आपल्या जागेच्या समोर अंथरली. उद्या बाबा येणार म्हणून, तृप्तीनं धरून घेतलं. संध्याकाळी भाजी थोडी कमी पडली. आत्या म्हणाली, अंदाज चुकला.

रविवारी बाबा मोटारसायकलवर आले. आल्या आल्या त्यांनी लॅपटॉप उघडायला लावला. तृप्तीनं एकेक पान दाखवलं, कोणाला कधी बिल गेलं, कोणाचा डबा कोणत्या वारी बंद. तिचा आवाज आधी थरथरत होता, मग नेहमीसारखा मोठा झाला. बाबा मान डोलावत राहिले.

"हे झाकपाक, नीटनेटकं केलं तुनं," ते म्हणाले. "हिशोब सोड. पण ताई, तू एकटी आहेस या घरात. रात्री-बेरात्री पडलीस तर कोणाले कळेल? मी आज ठरवूनच आलो होतो. ट्रंक बांध."

आत्या तृप्तीकडे पाहत होती. सॉफ्टवेअरमध्ये त्याला बटण नव्हतं.

"आधी जेवून तर घे," आत्या म्हणाली.

बाबा हात धुवायला मागच्या अंगणात गेले. बराच वेळ आले नाहीत. आले ते कपाळावरची आठी उतरवूनच. पोटभर जेवले, दोनदा भरीत मागून घेतलं, आणि सुपारी कातरता कातरता म्हणाले, "जाऊ दे ताई. राहा तू इथंच. आता मले घोर नाही."

तृप्तीला वाटलं, हॉलमध्ये नाचावं. तिनं आत्याला मिठीच मारली. आत्याच्या अंगाला फोडणीचा आणि डेटॉलचा वास येत होता. निघताना आत्या फाटकापर्यंत आली नाही; हॉलच्या दारातूनच हात हलवला आणि लगेच आत वळली, जेवण अर्धं सोडून आलेल्या माणसासारखी.

सौंसरच्या रस्त्यावर कापूस वेचून झालेली शेतं मागे पळत होती. ऊन उतरलं होतं. बाबांनी एका टपरीशी गाडी थांबवली आणि दोन चहा सांगितले.

"तुनं सांगितलं नाही मले," ते चहा फुंकत म्हणाले.

तृप्तीच्या हातातला कप थांबला. "काय?"

"ताईपाशी सोबतीला बाई आहे म्हणून. मी उगाच ट्रंक-ट्रंक करून राहिलो. मागे नळापाशी हात धुवून राहिल्या होत्या. चांगल्या वाटल्या बोलायले, शिकल्या-सवरलेल्या."

"काय म्हणाल्या?"

"म्हणे, मले डबा यायचा घरी. परवापर्यंत आला, मग बंदच झाला. कोणी कळवलं नाही, काही नाही. एक दिवस वाट पाहिली म्हणे, मग इकडेच निघून आलो." बाबांनी चहा संपवला. "एकट्या दिसल्या. मीच म्हटलं, मग आता इथंच राहा. ताईलेही बरं. घर मोठं आहे."

टपरीवाल्यानं दूध उतू जाऊ नये म्हणून पातेलं खाली घेतलं. तृप्तीनं फोन काढला आणि आत्याला लावला. बराच वेळ घंटी वाजली.

"हाव, बोल," आत्याचा आवाज आला. तो आवाज तृप्तीनं कधी ऐकला नव्हता. हसून नुकताच थांबलेला.

"आत्या, तू ठीक आहेस ना?"

"मले काय होते? पोचले का तुम्ही?" मागे भांड्याला भांडं लागलं. कोणी तरी हळूच काही तरी म्हणालं, आणि आत्या फोनपासून तोंड वळवून म्हणाली, "घे नं अजून, लाजते काय." मग पुन्हा तृप्तीला, "ठेव आता, पोट्टे. आणि रोज रोज या वेळेले नको लावत जाऊ. ताट थंड होते."

फोन बंद झाला.

बाबांनी हेल्मेट घालून गाडी सुरू केली होती. तृप्ती मागे बसली.

"काय करून राहिली तुझी आत्या?" बाबांनी मान न वळवता विचारलं.

"जेवून राहिल्या," तृप्ती म्हणाली.

बाबा हसायला लागले. "आत्याले 'राहिल्या' कधीपासून? दोन आठवड्यांत बरीच वळणाची झालीस तू."

तृप्तीनं मागून त्यांचा शर्ट घट्ट धरला.